गाडी ५० मिमी खाली घेतली आणि वळणात पुढचं टोक धरेनासं झालं

तिसरं वळण

नमस्कार मंडळी, मी ‘तिसरं वळण’. बरेच महिने इथं नुसता वाचत होतो, आज अडलोय म्हणून धागा काढतोय.

गाडी फक्त ट्रॅकसाठी ठेवलेली फ्रंट-व्हील-ड्राइव्ह हॅचबॅक आहे. पुढे मॅकफर्सन स्ट्रट (शॉक आणि स्प्रिंग एकत्र असलेला खांब), मागे टॉर्शन बीम (दोन्ही मागची चाकं जोडणारी, पिळली जाणारी तुळई). मी आत बसून वजन १०८० किलो. मूळ स्प्रिंगवर गाडी वळणात फार झुकायची म्हणून कॉइलओव्हर (उंची बदलता येणारे शॉक-स्प्रिंगचे जोड) बसवले. पुढे ५ किलो/मिमीच्या स्प्रिंग, मागे ४ च्या. उंची चारही बाजूंनी ५० मिमी कमी केली. पुढचा कॅम्बर (चाकाचा उभा कल, उणे म्हणजे वरचं टोक आत) उणे २ अंश, टो (चाकांची पुढची टोकं आत की बाहेर वळलेली) शून्य, टायर सेमी-स्लिक (कमी खाचांचे, ट्रॅकसाठीचे).

आता होतंय असं. वळणात शिरताना गाडी झकास वळते. मध्यावर आलं की पुढचं टोक अचानक सुटतं आणि गाडी सरळ बाहेर जायला लागते. हळूहळू नाही, एकदम. उजव्या वळणांना जास्त, डाव्यांना कमी. वळणाच्या कडेच्या उंचवट्यावर, म्हणजे कर्बवर, चाक गेलं की स्टेअरिंग हातात झटका देतं. आणि सगळ्यात मनाला लागलेली गोष्ट म्हणजे मूळ स्प्रिंगवर जी वेळ लागत होती त्यापेक्षा लॅप ०.६ सेकंदानं मंद झाला. इतकी मेहनत घेऊन गाडी मागे गेली. कुठून सुरुवात करू?

हबनट

स्प्रिंग मऊ आहेत. पुढे ८ किंवा थेट १० घाल, मागेही त्याच प्रमाणात. गाडी झुकणं थांबलं की कॅम्बर टिकतो आणि पुढचे टायर धरतात. मी माझ्या गाडीत हेच केलंय आणि फरक पहिल्या लॅपला कळला होता.

टॉर्करेंच

थांबा जरा. काहीही विकत घेण्याआधी दोन गोष्टी कर, दोन्ही फुकटच्या आहेत.

पहिली. शॉकच्या दांड्यावर, म्हणजे चकचकीत रॉडवर, एक झिप टाय घट्ट बांध आणि खाली बॉडीला टेकव. एक सेशन मारून ये. टाय वर जिथं सरकलाय तिथपर्यंत शॉक दाबला गेला असं समजायचं. आणि उभ्या गाडीत, तू सीटवर बसलेला असताना, बंपस्टॉप (शॉक तळाला आपटू नये म्हणून रॉडवर बसवलेलं रबर) आणि शॉकची बॉडी यांच्यात मोकळी जागा किती उरते ते कोणाकडून तरी मोजून घे.

दुसरी. गाडी चाकांवर सपाट जागी उभी असताना पुढच्या लोअर आर्मचा (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा खालचा दांडा) आतला बुश (रबरी सांधा) आणि बाहेरचा बॉल जॉइंट (गोळ्याचा सांधा), दोघांच्या मध्यबिंदूंची जमिनीपासून उंची मोज. बाहेरचा खाली आहे की वर, तेवढंच सांग.

तुझे कॉइलओव्हर कोणत्या प्रकारचे तेही सांग. उंची स्प्रिंगची बशी फिरवून बदलते, की खालची ब्रॅकेट वेगळी फिरते? बशीवाल्या प्रकारात गाडी जितकी खाली घेशील तितका शॉकचा दाबायचा प्रवास खातोस. ब्रॅकेटवाल्यात प्रवास शाबूत राहतो, मग मात्र टायर आतल्या पत्र्याला लागतो का ते बघावं लागतं.

तिसरं वळण

दादा, मोजलं. कॉइलओव्हर बशीवाले आहेत. उभ्या गाडीत बंपस्टॉपपर्यंत मोकळी जागा पुढे फक्त ८ मिमी. झिप टाय पार वर, बंपस्टॉपमध्ये घुसलेला. आणि लोअर आर्मचं बाहेरचं टोक आतल्यापेक्षा २२ मिमी वर आहे. मूळ उंचीला ते साधारण २८ मिमी खाली असणार, कारण गाडी ५० नं उतरवली आहे.

टॉर्करेंच

मग तुझं निम्मं उत्तर त्या ८ मिमीत आहे. जोरात वळताना बाहेरचं पुढचं चाक सहज २५-३० मिमी दाबलं जातं. म्हणजे प्रत्येक वळणात, मध्यावर येईपर्यंत, तू स्प्रिंगवर नसून बंपस्टॉपवर बसलेला असतोस. रबर दाबलं गेलं की गाडीच्या त्या कोपऱ्याची, म्हणजे त्या चाकापाशी, कडकपणाची पातळी एकदम उडी मारते, बाहेरच्या पुढच्या टायरवर भार धाडकन चढतो आणि तो सुटतो. ‘हळूहळू नाही, एकदम’ असं तू लिहिलंस ना, ते वाचूनच शंका आली होती. टायरची पकड संपते तेव्हा ती सहसा सांगून संपते, एवढी अचानक जात नाही.

आर्मबद्दल समांतर ताईंनी लिहावं, त्यांचा हातखंडा आहे.

समांतर

लिहिते. थोडं लांबेल.

गाडी खाली घेतली की वजनाचा मध्य खाली येतो, हे खरं. पण त्याचा फायदा किती ते आकड्यात बघू. वळणात आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर जाणारा एकूण भार म्हणजे वजन गुणिले मध्याची उंची, भागिले डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर, गुणिले वळणाचा जोर. १०८० किलो, उंची ५०० मिमी, चाकांमधलं अंतर १४५० मिमी धरलं तर १ जी ला (वळणाचा जोर वजनाइतका असताना) साधारण ३७२ किलो सरकतात. उंची ४५० केली तर ३३५. दहा टक्के कमी झाले. चांगलंच आहे, पण जादू नव्हे.

आता दुसरी बाजू. गाडी ज्या बिंदूभोवती झुकते त्याला रोल सेंटर म्हणतात. स्ट्रटमध्ये तो कागदावर असा सापडतो: वरच्या माउंटपाशी स्ट्रटच्या अक्षाला लंब रेघ काढा, लोअर आर्मची रेघ वाढवा, दोन्ही मिळतात तिथून टायर जमिनीला टेकतो त्या बिंदूपर्यंत रेघ मारा. ती गाडीच्या मध्यरेषेला जिथं छेदते तिथं रोल सेंटर. हे एकदा कागदावर स्वतः काढून बघाच, दहा मिनिटांचं काम आहे आणि पुढं कुणाला विचारायला लागत नाही. आर्म थोडा जरी वर कलला तरी तो बिंदू भराभर खाली येतो, वजनाच्या मध्यापेक्षा कितीतरी वेगानं.

समजा तुमचं रोल सेंटर मूळ ८० मिमीवर होतं आणि ५० मिमी उतरवल्यावर ते जमिनीखाली ३० वर गेलं. आधी मध्य आणि रोल सेंटर यांतलं अंतर ५०० वजा ८०, म्हणजे ४२०. आता ४५० अधिक ३०, म्हणजे ४८०. गाडीला झुकवणारी तरफ लांब झाली! उंची कमी करून तुम्ही गाडीची झुकायची ओढ वाढवलीत, आणि कडक स्प्रिंगनं मिळालेल्यातला काही भाग तिथंच खर्च झाला.

कॅम्बरचंही तेच. स्ट्रट आणि आर्म यांच्यातला कोन काटकोनाकडे जायला लागला की चाक दाबताना मिळणारी उणे कॅम्बरची भर कमी होत जाते. काटकोनाला ती शून्य, त्यापुढे उलटी. गाडी तीन अंश झुकली तर टायर तीन अंश बाहेर लवंडतो आणि ते भरून काढायला भूमितीकडे काही शिल्लकच नसतं. बाहेरच्या खांद्यावर टायर झिजतोय का तुमचा?

तिसरं वळण

हो ताई. डाव्या पुढच्या टायरचा बाहेरचा खांदा पार गेला. पिटमध्ये आल्या आल्या सुईवाल्या थर्मामीटरनं घेतलेलं तापमान: आत ६८, मध्ये ७६, बाहेर ९१.

हबनट

मान्य, ८ मिमी कमीच आहे. पण म्हणूनच म्हणतोय, कडक स्प्रिंग घातल्या तर गाडी बंपस्टॉपवर जाणारच नाही आणि झुकेल कमी म्हणजे कॅम्बरही कमी हरवेल. एका कामात दोन्ही. गुळगुळीत ट्रॅकवर माझी गाडी १० वर सुंदर चालते, हे मी अनुभवानं सांगतोय.

टॉर्करेंच

हबनट, तुमचं म्हणणं चुकीचं नाही. गुळगुळीत डांबर असेल, शॉक त्या स्प्रिंगसाठी व्हॉल्व्ह केलेले (आतून जुळवलेले) असतील तर तो रस्ता चालतो. स्ट्रट गाड्यांना कडक ठेवण्यामागं हेच कारण असतं की भूमिती वाईट आहे तर तिला हलूच द्यायचं नाही. पण या गाडीचा हिशेब मांडून बघा.

स्ट्रटमध्ये स्प्रिंग आणि चाक यांच्या हालचालीचं गुणोत्तर साधारण ०.९५. चाकापाशी जाणवणारा दर त्याच्या वर्गानं बदलतो, म्हणजे ०.९ नं गुणायचं. ५ किलो/मिमी म्हणजे ४९ न्यूटन/मिमी, चाकापाशी ४४. पुढच्या एका कोपऱ्यावर स्प्रिंगवर तरंगणारं वजन ३०० किलो धरलं तर वारंवारता १.९ हर्ट्झ येते. रस्त्यावरच्या गाड्या १ ते १.५ मध्ये असतात. डाउनफोर्स (हवेचा खाली दाबणारा जोर) नसलेल्या ट्रॅक गाडीला २ ते २.५ पुरते. म्हणजे त्याच्या स्प्रिंग फार मऊ नाहीतच. १० किलो घातल्या तर २.७ हर्ट्झ. कर्बवर टायर उड्या मारणार, आणि ५ साठी बनवलेल्या शॉकचा रिबाउंड (स्प्रिंग उसळून परत येताना शॉक देतो तो रोध) त्या स्प्रिंगला आवरूच शकणार नाही.

अजून एक. कडक स्प्रिंग उभ्या गाडीत कमी दबते, त्यामुळे चाक खाली लोंबण्याचा प्रवासही कमी होतो. आतलं चाक लवकर हवेत जातं. पुढचं आतलं चाक फ्रंट-व्हील-ड्राइव्हमध्ये हवेत गेलं आणि एलएसडी (एक चाक सुटलं तरी दुसऱ्याकडे जोर पोचवणारा डिफरेन्शियल) नसला, तर वळणातून बाहेर पडताना गॅस दिलेला वाया.

माझा क्रम असा: आधी प्रवास परत मिळव, मग भूमिती दुरुस्त कर, मग टायरचं तापमान बघ. त्यानंतरही गाडी झुकत असेल तर ६ किंवा ७ च्या स्प्रिंग घे.

हबनट

रिबाउंडचा मुद्दा पटला. मी शॉक नव्यानं व्हॉल्व्ह करून घेतले होते, ते वर लिहायला हवं होतं.

नवा गिअर

मध्येच विचारतो. माझ्याकडे डबल विशबोनची (चाकाला वर-खाली दोन आर्म असलेली) गाडी आहे, मलाही हे सगळं लागू होतं का?

समांतर

काही प्रमाणात. डबल विशबोनमध्ये वरचा आर्म आखूड असतो, त्यामुळे चाक दाबलं जाताना कॅम्बरची भर मिळत राहते आणि उतरवल्यावर लगेच कोलमडत नाही. पोर्शेनं रस्त्यावरच्या ९११ ला इतकी दशकं पुढे स्ट्रटच दिला आणि २०२१ च्या जीटी३ मध्ये तो सोडून डबल विशबोन आणला, तो काही हौसेखातर नाही. पण बंपस्टॉप, टाय रॉड (स्टेअरिंगपासून चाकापर्यंतचा दांडा) आणि बुशचे प्रश्न तुम्हालाही तेच. उतरवली असेल तर टो मोजाच.

समांतर

आता तिसरं वळण यांच्या गाडीकडे. माझा सल्ला असा. गाडी १५ मिमी वर घ्या. हो, वर. आणि ३० मिमी लांब पिनचे बॉल जॉइंट लावा, म्हणजे आर्मचं बाहेरचं टोक नकलच्या (चाकाचा हब धरणाऱ्या भागाच्या) मानानं खाली जाईल. हिशेब: २२ वजा १५ वजा ३०, म्हणजे बाहेरचं टोक २३ मिमी खाली. मूळच्या २८ च्या अगदी जवळ, आणि गाडी तरीही मूळपेक्षा ३५ मिमी खालीच.

पण नुसते बॉल जॉइंट लावून गाडी बाहेर काढू नका. आर्म खाली कलला आणि टाय रॉड वर कललेलाच राहिला तर दोघांचे कंस जुळत नाहीत. तुमचा स्टेअरिंग रॅक अ‍ॅक्सलच्या मागे असेल तर चाक दाबलं जाताना टाय रॉड चाकाची मागची बाजू आत ओढतो आणि चाक टो-आउट होतं. हाच बंप स्टीअर. कर्बवर बसणारा झटका मला त्याचाच वाटतो. म्हणून टाय रॉडचं बाहेरचं टोकही साधारण तेवढंच खाली न्यायचं, शिम (पातळ चकत्या) घालून बारीक जुळवायचं.

मोजायची रीत: गाडी स्टँडवर, स्प्रिंग काढलेली, अँटीरोल बारची (झुकणं कमी करायला डावी-उजवी चाकं जोडणाऱ्या दांड्याची) लिंक सोडलेली, स्टेअरिंग बांधून ठेवलेलं. हबला सरळ पट्टी बोल्टनं कसायची. हबखाली जॅक लावून चाकाच्या प्रवासात दर १० मिमीला पट्टीच्या पुढच्या आणि मागच्या टोकाचं ताणलेल्या दोरीपासूनचं अंतर लिहायचं. फक्त मधली स्थिती मोजून समाधान मानू नका, उभ्या उंचीच्या खाली-वर किमान ४०-४० मिमी बघा. आणि स्प्रिंग काढताना कॉम्प्रेसर चांगलाच वापरा, दबलेली स्प्रिंग सुटली तर माणूस जायबंदी होतो.

लांब पिनमुळे पिनवर आणि नकलवर वाकवणारा जोर वाढतो. त्यामुळे फोर्ज केलेलाच भाग घ्या. वेल्डिंग करून वाढवलेला बॉल जॉइंट कुणी फुकट दिला तरी लावू नका. तो तुटला तर चाक गाडीखाली घुसतं. रिमच्या आत जागा आहे का तेही आधी बघा, खाली आलेला जॉइंट लहान रिमला घासतो.

तिसरं वळण

तीन आठवडे लागले, पण करून आलो. रॅक मागेच आहे, ताईंचा अंदाज बरोबर.

बंप स्टीअर तीनदा मोजला. ४० मिमी दाबल्यावर एका चाकाचा टो-आउट, रिमच्या कडेला:

आधी, जसं होतं तसं: २.५ मिमी.
बॉल जॉइंट लावल्यावर, टाय रॉड जुनाच: ६ मिमी.
टाय रॉडचं लांब टोक आणि शिम लावून: ०.५ मिमीच्या आत.

मधला आकडा बघून हात थांबले. नुसते बॉल जॉइंट लावून ट्रॅकवर गेलो असतो तर कर्बवर गाडी कुठं गेली असती कोण जाणे.

उंची १५ मिमी वाढवली. जुना ४० मिमीचा बंपस्टॉप काढून २५ मिमीचा, हळूहळू कडक होत जाणारा घातला. मोकळी जागा ८ वरून ३७-३८ मिमी झाली. शॉक आतून तळाला लागणार नाही ना, हे स्प्रिंग काढलेली असतानाच पूर्ण दाबून पाहिलं. स्प्रिंग त्याच, ५ च्या. कॅम्बर उणे २.८, टो दोन्ही मिळून १ मिमी बाहेर.

मागचा बीम

मित्रा, लोअर आर्मचे बुशचे बोल्ट कधी आवळलेस? गाडी हवेत असताना की चाकांवर?

तिसरं वळण

हवेत, स्टँडवर.

मागचा बीम

मग सगळे सैल कर, गाडी चाकांवर आण, दोन-चारदा दाबून बसव आणि त्या उंचीला आवळ. रबरी बुश आतल्या नळीला आणि बाहेरच्या कडीला चिकटवलेला असतो, तो फिरत नाही, पिळला जातो. लोंबत्या स्थितीत आवळलास तर उभ्या गाडीत तो कायम पिळलेला राहतो. फुकटची एक स्प्रिंग लागते, उंची खोटी दिसते आणि बुश लवकर फाटतो. मागच्या बीमचे दोन्ही बुशही तसेच. मी एकदा हे विसरून कोपऱ्यांची वजनं जुळवत बसलो होतो, अख्खा दिवस आकडे हातात येईनात.

टॉर्करेंच

फार महत्त्वाचं लिहिलंत. आणि वजनांचा विषय निघालाच आहे तर, उजव्या वळणांना जास्त सुटते हे कोडं अजून उरलंय. चारही चाकांखाली ठेवायचे वजनकाटे मिळत असतील तर आता ठेव. तू सीटवर, किंवा तुझ्याएवढं वजन सीटवर. टायरमध्ये नेहमीची हवा, अँटीरोल बारच्या लिंक सुटलेल्या.

तिसरं वळण

बुश सोडून पुन्हा आवळले, मग काट्यांवर चढवली. पुढे डावा ३४५, उजवा ३२५. मागे डावा १९५, उजवा २१५.

टॉर्करेंच

हे बघ. पुढचा उजवा अधिक मागचा डावा म्हणजे ५२०. १०८० च्या ४८.१ टक्के. दुसरा कर्ण, पुढचा डावा आणि मागचा उजवा, ५६० वर बसलाय. उजव्या वळणात बाहेरचं पुढचं चाक डावं, आणि ते आधीच जास्त भार घेऊन बसलंय. म्हणून तिकडं लवकर हार मानतं. डावी-उजवी बेरीज ५४०-५४० आहे, म्हणजे सामान हलवून काही होणार नाही, होण्याची गरजही नाही. हा दोष बशांचा आहे.

पुढच्या उजव्याची आणि मागच्या डाव्याची बशी थोडी वर घे, उरलेल्या दोन तितक्याच खाली. एका वेळी एकच फेरा. दर वेळी गाडी थोडी मागंपुढं ढकलून सस्पेन्शन बसू दे, मग काटा वाच. नाहीतर टायर आडवे अडकून आकडा फसवतो. जुळलं की शेवटी बारच्या लिंक लांबीला अशा बसव की बोल्ट हातानं आत गेला पाहिजे. लिंक ओढून बसवावी लागली तर बार उभ्या गाडीतच पिळलेला राहतो आणि जुळवलेलं सगळं परत बिघडवतो.

तिसरं वळण

काल दिवसभर ट्रॅकवर होतो. कर्ण ४९.९ टक्क्यांवर आणला.

दादा, ताई, गाडी वेगळीच झाली आहे. मध्यावर ती आता थांबते, वाट बघते, आणि सुटायच्या आधी सांगते. स्टेअरिंग हळूहळू हलकं होतं, तेवढ्यात मी गॅस सोडू शकतो. दोन्ही बाजूंच्या वळणांना सारखी वाटते. कर्बवर चढलं तरी हात शांत. डाव्या पुढच्या टायरचं तापमान आत ८४, मध्ये ८०, बाहेर ७७. झिप टाय बंपस्टॉपला जेमतेम टेकलाय, तेही मोठ्या कर्बच्या जागी. लॅप आधीच्या दिवसापेक्षा १.४ सेकंदानं आणि मूळ स्प्रिंगपेक्षा ०.८ सेकंदानं कमी. पार्किंगमध्ये उभी असताना चाकावरची फट दिसते, दिसू दे.

एकच विचारायचं आहे. पहिल्या सेशननंतर सगळे बोल्ट टॉर्क पान्यानं तपासले, तर उजव्या टाय रॉडच्या टोकाचा नट जवळजवळ पाव फेरा फिरला. बाकी सगळे जागेवर. चिंतेचं आहे का?

समांतर

शिमच्या चकत्या पहिल्या दोन-तीन सेशनमध्ये बसतात, रंग असेल तर तो दबतो, म्हणून पहिल्यांदा थोडं फिरू शकतं. पण स्टेअरिंगचा सांधा आहे, गृहीत धरू नका. नट सोडा, चकत्या काढून दोन्ही बाजू साफ करा, रंग असेल तर खरवडा. आत घासल्याच्या खुणा किंवा पिनवर चर दिसला तर पिन बदला. नवा लॉकनट लावा, जुना परत वापरू नका. मग नटावर आणि नकलवर पेननं एक आडवी रेघ मारा, म्हणजे प्रत्येक सेशननंतर वाकून नुसतं बघितलं तरी कळेल.

तिसरं वळण

रेघ मारतो. चकत्यांवर काळा रंग आहेच, आज संध्याकाळी काढतो आणि पिनचा फोटो इथं टाकतो.